सॅम कुकच्या गायनातील संबोध्य : एक ऐतिहासिक विचार

१

अमेरिकेतील लोकप्रिय संगीताच्या इतिहासात सॅम कुक (१९३१–१९६४) या गायकाचे नाव बहुधा एका सीमोल्लंघनाच्या संदर्भात घेतले जाते. १९५१ पासून सुमारे सहा वर्षे तो कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाच्या गॉस्पेलगायनातील अग्रगण्य गायक होता. १९५७ मध्ये त्याने लौकिक प्रेमगीत गायिले आणि अवघ्या काही महिन्यांत तो देशभर ख्याती पावला. चर्चमधील त्याच्या अनेक जुन्या श्रोत्यांनी या घटनेला धर्मद्रोह मानले; संगीताच्या व्यापाऱ्यांनी तिला प्रगती मानले. दोन्ही पक्षांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत, पण त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतकृत्य एकच आहे. कुकने त्या वर्षी एक गाणे टाकले व दुसरे घेतले, असे दोघेही धरून चालतात.

हे गृहीतकृत्य तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गायनाचा विचार करताना स्वर, लय आणि वाद्यमेळ यांच्याकडे प्रथम लक्ष जाते व ते योग्यच आहे. तथापि गीत ही एक उक्तीही असते. ती कोणीतरी कोणाला तरी उद्देशून उच्चारीत असतो, आणि तिला कोणीतरी उत्तर देत असतो किंवा देत नसतो. वक्ता कोण, संबोध्य कोण आणि उत्तर देणारा कोण, हे तीन प्रश्न कुकच्या कारकिर्दीला लावून पाहिले म्हणजे तिचे चित्र काहीसे निराळे दिसू लागते. त्याची गायनरीती सीमा ओलांडताना जवळजवळ जशीच्या तशी राहिली. बदलला तो संबोध्य; आणि मागे राहिला तो उत्तर देणारा समूह. १९५७ नंतरची सात वर्षे हा त्या समूहाला पुन्हा गाण्यात आणण्याच्या खटपटीचा काळ होय, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

'गॉस्पेल' या शब्दाचा मूळ अर्थ शुभवर्तमान. संगीताच्या इतिहासात मात्र तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेतील औद्योगिक नगरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय भक्तिगीतांस लावला जातो. गुलामगिरीच्या काळातील 'स्पिरिच्युअल' गीते याहून जुनी. ती बहुतांशी अनामिक आणि सामुदायिक होती. गॉस्पेलगीताला ज्ञात रचनाकार असतो, त्याची छापील प्रत विकली जाते आणि पुढे त्याची ध्वनिमुद्रिकाही निघते. म्हणजे बाजाराशी त्याचा संबंध जन्मापासूनचा आहे.

या प्रकाराच्या वाढीस एक मोठे लोकस्थलांतर कारण झाले. दक्षिणेतील कापसाची शेते आणि वर्णभेदाचे कायदे मागे टाकून लक्षावधी लोक उत्तरेकडे गेले. शिकागो नगरातील कृष्णवर्णीयांची संख्या १९१० मध्ये सुमारे ४४,००० होती. १९३० मध्ये ती सुमारे २,३४,००० झाली. या लोकांनी आपल्याबरोबर आपली उपासनापद्धती आणली. मोठ्या चर्चांत जागा नव्हती किंवा तेथील शिष्टाचार परका वाटे, म्हणून रिकाम्या दुकानांच्या गाळ्यांत त्यांच्या मंडळ्या भरू लागल्या.

याच नगरात थॉमस ए. डॉर्सी याने गॉस्पेलगीताला त्याचे प्रौढ रूप दिले. डॉर्सी हा एका उपदेशकाचा मुलगा असला, तरी त्याची पहिली ख्याती 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूजवादक म्हणून झाली होती. १९२८ मध्ये टँपा रेड याच्याबरोबर त्याने केलेली ध्वनिमुद्रिका चांगलीच ग्राम्य होती. १९३२ मध्ये त्याची पत्नी प्रसूतीत वारली व नवजात बालकही दगावले. त्या शोकातून त्याचे सर्वांत प्रसिद्ध भक्तिगीत निर्माण झाले. पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदाची धुरा त्याने पुढे अनेक दशके वाहिली. ब्लूजचे स्वर आणि ब्लूजची लय भक्तिगीतात आणल्याबद्दल आरंभी अनेक पाळकांनी त्याला विरोध केला होता. हा तपशील येथे महत्त्वाचा आहे. कुकने जी सीमा ओलांडली ती त्याच्या पंचवीस वर्षे आधी उलट दिशेने ओलांडली गेली होती, आणि त्या वेळीही आक्षेप हाच होता. धार्मिक व लौकिक यांतील भेद स्वरांत शोधू जाता तो हाती लागत नाही, असे या इतिहासावरून म्हणावे लागते. त्याचा शोध अन्यत्र घेतला पाहिजे.

३

सॅम्युएल कुक याचा जन्म २२ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे झाला. वडील चार्ल्स कुक हे 'चर्च ऑफ ख्राइस्ट (होलिनेस)' या पंथाचे उपदेशक होते. सॅम अगदी लहान असताना हे कुटुंब शिकागोस गेले. भावंडांच्या 'सिंगिंग चिल्ड्रेन' या संचात तो बालपणी गात असे. पुढे किशोरवयात 'हायवे क्यू. सी.ज' या संघात त्याचा कंठ तयार झाला. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास 'सोल स्टिरर्स' या नामांकित संघात त्याला मुख्य गायकाची जागा मिळाली.

अशा संघांस 'क्वार्टेट' म्हणत. शब्दशः तो चौघांचा संघ; पण सोल स्टिरर्समध्ये पाच-सहा गायक असत. संख्यावाचक शब्द येथे प्रकारवाचक झाला आहे. हा बदल घडविण्यात कुकचा पूर्वाधिकारी आर. एच. हॅरिस याचा मोठा वाटा होता. त्याने मुख्य गायकाच्या जोडीस दुसरा मुख्य गायक आणला, म्हणजे एक जण कथन व आळवणी करीत असता चार आवाजांचा पाया अबाधित राहू लागला. पाठीमागचे गायक निवडक शब्द पुनःपुन्हा घोळवीत राहतात आणि त्या स्थिर भूमीवर मुख्य गायक उत्स्फूर्त उद्गारांची भर घालतो, ही रीत त्यातून पक्की झाली. कीर्तनात बुवांच्या चरणामागून ध्रुपद उचलून धरणारे साथीदार जे कार्य करतात, त्याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. ते केवळ साथ करीत नाहीत. श्रोत्यांच्या वतीने उत्तर देतात.

कुकचा आवाज हॅरिसइतका भेदक नव्हता. त्याने बलाच्या जागी सौलभ्य आणले. एखादे अक्षर तो अनेक स्वरांवरून सहज घरंगळत नेई आणि वरच्या स्वरावर किंचित कंप देऊन परत मूळ स्वरावर उतरे. ही त्याची ओळखीची खूण पुढे प्रत्येक प्रेमगीतात आढळते. तिचा जन्म मात्र चर्चमधला. १ मार्च १९५१ रोजी लॉस एंजलिस येथील स्पेशॅल्टी कंपनीसाठी त्याने संघाबरोबर पहिले ध्वनिमुद्रण केले. त्यातील 'जीझस गेव्ह मी वॉटर' या गीतात योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा आहे. १९५६ च्या 'टच द हेम ऑफ हिज गार्मेंट' या त्याच्या स्वतःच्या रचनेत येशूच्या वस्त्राच्या काठास स्पर्श करून व्याधिमुक्त होणाऱ्या स्त्रीची कथा आहे. दोन्ही गीतांत गायक हा निवेदक आहे. समूह त्याच्या शब्दांना दुजोरा देतो.

या गायनाची उक्ति-रचना त्रिपदी होती. गायक हा एक घटक. ज्याला आळविले जाते अथवा ज्याची कथा सांगितली जाते तो ईश्वर हा दुसरा. आणि समोर बसलेली मंडळी हा तिसरा. व्याकरणदृष्ट्या संबोध्य कोणीही असो, उत्तर मंडळीकडूनच येई. मंचावरील गायकवृंद हा त्या मंडळीचा प्रतिनिधी होता. २२ जुलै १९५५ रोजी लॉस एंजलिसच्या श्राइन सभागृहात झालेल्या कार्यक्रमाच्या मुद्रणात ही रचना प्रत्यक्ष ऐकावयास मिळते. 'नीअरर टू दी' या गीताच्या प्रसंगी संघातील साथीदार एक छोटा शब्दसमूह धरून ठेवतात, कुक त्यावर कथेचा विस्तार करीत जातो, आणि सभागृहातील स्त्रीपुरुषांचे उद्गार क्रमाने वाढत जाऊन अखेर गायनाचाच भाग होतात.

४

१९५४ मध्ये रे चार्ल्सने एका गॉस्पेलगीताचा आराखडा घेऊन त्यावर प्रेमगीत रचले व ते यशस्वी करून दाखविले. या मार्गाने जाण्याचा कुकचा पहिला प्रयत्न डिसेंबर १९५६ मधला. निर्माता बंप्स ब्लॅकवेल याच्या साहाय्याने त्याने न्यू ऑर्लिन्स येथे 'लव्हेबल' हे गीत मुद्रित केले. ते सोल स्टिरर्सच्या 'वंडरफुल' या भक्तिगीताचे रूपांतर होते. मंडळीचा रोष टाळावा म्हणून मुद्रिकेवर 'डेल कुक' असे नाव छापण्यात आले. नाव बदलता येते, कंठ बदलता येत नाही. त्याला ओळखणाऱ्यांना फार वेळ लागला नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही दोन गीते विशेष उद्बोधक वाटतील. एक चौकट स्थिर ठेवून तिच्यातील एकच घटक बदलावा आणि अर्थात कोणता भेद पडतो ते पाहावे, ही प्रतिस्थापनाची पद्धत येथे जणू प्रयोगशाळेतच अवलंबिली गेली आहे. चाल तीच, गायनाची ढब तीच. स्तुतिवाचक विशेषणाच्या जागी दुसरे विशेषण आले आणि ईश्वराच्या जागी प्रेयसी आली. अर्थ पार बदलला. पण गीताला फारसे यश लाभले नाही. चौकट मंडळीची आणि विषय खाजगी, अशा अवस्थेत ते गीत अधांतरी राहिले, असे त्याचे कारण संभवते.

दुसरा प्रयत्न निराळ्या पद्धतीने झाला. जून १९५७ मध्ये लॉस एंजलिस येथे ब्लॅकवेलने कुकच्या पाठीमागे श्वेतवर्णीय गायकांचा वृंद उभा केला. स्पेशॅल्टीचा मालक आर्ट रूप हा गॉस्पेलची तीव्रता ओळखणारा व्यापारी होता; हा मवाळपणा त्याला रुचला नाही. वाद विकोपास गेला. कंपनीकडून ब्लॅकवेलला येणे असलेल्या मानधनावरील हक्क सोडून देण्याच्या बदल्यात त्याला व कुकला करारातून मुक्त करण्यात आले आणि ती ध्वनिमुद्रणे त्यांच्या हाती आली. कीन या नव्या कंपनीने सप्टेंबरात 'यू सेंड मी' प्रसिद्ध केले. 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या सर्वसाधारण तक्त्यावर आणि 'ऱ्हिदम अँड ब्लूज' तक्त्यावर ते प्रथम क्रमांकावर गेले. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

या दोन तक्त्यांचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. १९४९ पर्यंत दुसऱ्या तक्त्याचे नाव 'रेस रेकॉर्ड्स' असे होते. नाव बदलले, पण बाजार श्रोत्यांच्या वर्णानुसार विभागलेलाच राहिला. एकाच गीताने दोन्ही ठिकाणी अग्रस्थान मिळविणे म्हणजे ती भिंत काही काळ तरी निरर्थक ठरविणे होते.

हे कसे साधले याचे उत्तर गीताच्या शीर्षकातच आहे. इंग्रजीतील द्वितीय पुरुषी सर्वनाम लिंग दाखवीत नाही, वचन दाखवीत नाही, आणि जुने एकवचनी रूप व्यवहारातून गेल्यापासून सलगी किंवा आदरही दाखवीत नाही. प्रार्थनेच्या जुन्या भाषेत मात्र ईश्वराकरिता ते जुने रूप टिकून होते. मराठीत देव, आई आणि प्रेयसी या तिघांनाही 'तू' म्हणता येते, त्यामुळे या दोन रूपांतील अंतर मराठी वाचकाला मुद्दाम समजून घ्यावे लागते. कुकच्या गीतातील संबोध्य नावावाचूनचा, वर्णावाचूनचा आणि स्थळावाचूनचा आहे. ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो आपलासा करता येतो. क्रियापदही असेच बोलके आहे. 'पाठविणे' या अर्थाच्या प्रमाण इंग्रजी क्रियापदाला कोठे पाठविले हे सांगावे लागते. जॅझच्या बोलभाषेत ते स्थळवाचक पद गळाले आणि 'देहभान हरपविणे' असा अर्थ रूढ झाला. देहभान हरपणे हा मंडळीच्या उपासनेत पवित्र आत्म्याचा व्यापार होता. येथे तो एका व्यक्तीकडे सोपविला गेला.

वृंद येथेही आहे. परंतु तो उत्तर देत नाही. गायकाच्या पाठीमागे मऊ पडदा धरल्यासारखा तो स्वर धरून राहतो. त्रिपदी रचनेतील तिसरा घटक आता श्रवणाचा भाग उरला, संवादाचा उरला नाही. दोन्ही बाजारांत प्रवेश मिळविण्यासाठी कुकने जी किंमत दिली ती ही होय. विशेष म्हणजे त्याचे आक्षेपक तिला दुसऱ्याच नावाने ओळखत होते. ईश्वर गेला असे ते म्हणत. वस्तुतः गाण्यातून तेच गेले होते.

५

याच सुमारास कुकने आपल्या आडनावाच्या इंग्रजी लेखनात शेवटी एक 'ई' जोडला. डोळ्यांना दिसणारा, कानांना न कळणारा असा हा बदल होता. 'यू सेंड मी' चे कर्तृत्व छापताना त्याचा भाऊ एल. सी. कुक याचे नाव देण्यात आले. रचना सॅमचीच होती. परंतु त्याच्या नावावरील गीतांचे प्रकाशनहक्क जुन्या कंपनीच्या कचाट्यात सापडण्याची भीती होती. मुद्रिकेवरील नाव हा कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा मानणाऱ्या अभ्यासकाने हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

हक्कांविषयीची ही जागरूकता पुढे वाढत गेली. गॉस्पेलगायक जे. डब्ल्यू. अलेक्झांडर याच्या भागीदारीत त्याने 'कॅग्ज' ही प्रकाशनसंस्था चालविली आणि १९५९ मध्ये 'सार' ही ध्वनिमुद्रिका कंपनी स्थापन केली. त्या काळी कृष्णवर्णीय गायकाने स्वतःची कंपनी काढणे ही अपवादात्मक गोष्ट होती. या कंपनीची पहिली मुद्रिका सोल स्टिरर्सची, म्हणजे भक्तिगीताची होती. ज्या संघास सोडल्याचा ठपका कुकवर होता, त्याच संघास त्याने आश्रय दिला. वोमॅक बंधूंचे एक भक्तिगीत 'लुकिंग फॉर अ लव्ह' या नावाने १९६२ मध्ये लौकिक रूपात आणले गेले तेही येथेच. प्रतिस्थापनाची जुनी युक्ती आता दुसऱ्यांच्या हाती देण्यात आली होती.

स्वतः कुक १९६० मध्ये आर. सी. ए. व्हिक्टर या मोठ्या कंपनीकडे गेला. त्या वर्षीच्या 'चेन गँग' या गीताचा विषय दक्षिणेतील रस्त्यांवर साखळदंडांनिशी राबणारे कैदी हा आहे. पाठीमागच्या पुरुषांच्या आवाजात येथे शब्द फार थोडे. घण घालताना निघणारा श्वासाचा हुंकार मात्र नियमित ऐकू येतो. समूह परत आला, परंतु अद्याप त्याला बोलता येत नव्हते. गीत सर्वसाधारण तक्त्यावर दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ज्यांनी ते नाचण्यासाठी वाजविले, त्यांपैकी कितीजणांनी त्यातील कैद्यांचा विचार केला असेल हा प्रश्न वेगळा.

६

१९६२ चे 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' हे गीत या दृष्टीने निर्णायक ठरते. त्यात कुकच्या प्रत्येक विनवणीनंतर लू रॉल्स हा एकाच होकारार्थी अक्षराने उत्तर देतो. रॉल्स हा 'पिलग्रिम ट्रॅव्हलर्स' या गॉस्पेलसंघातून आलेला. प्रेयसीला उद्देशून म्हटलेल्या गीतात हा दुसरा पुरुष कोण, असे विचारल्यास अर्थाच्या अंगाने त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. तो प्रेयसी नाही, प्रतिस्पर्धी नाही. तो मंडळीतील माणूस आहे. संबोध्य लौकिकच राहिला, पण उत्तर देणारा परत आला.

हा बदल किती खोल होता हे त्याच्या समकालीनांना ध्वनिमुद्रिकांवरून कळणे शक्य नव्हते. १२ जानेवारी १९६३ रोजी मायामी नगराच्या कृष्णवर्णीय वस्तीतील हार्लेम स्क्वेअर क्लब येथे आर. सी. ए. ने कुकचा कार्यक्रम मुद्रित केला. सॅक्सोफोनवर किंग कर्टिस होता. या मुद्रणात कुकचा आवाज खरखरीत आहे, लय आक्रमक आहे, आणि श्रोतृवृंद पदोपदी गाण्यात शिरतो. 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' च्या आधी तो दीर्घ प्रास्ताविक करतो. त्यात प्रियेशी दूरध्वनी जोडून देण्याची गाऱ्हाणी केंद्रचालिकेजवळ घालतो आणि 'यू सेंड मी' चा एक तुकडा त्यात गुंफतो. दूरध्वनी हे गॉस्पेलगीतांतील प्रार्थनेचे जुने रूपक आहे. भक्त तारेवरून थेट येशूशी बोलतो असे त्यात वर्णन असते. ते रूपक कुकने या प्रसंगी उचलले, आणि समोरच्या श्रोत्यांना त्याचे मूळ समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९५५ च्या श्राइनमधील मुद्रणाशेजारी हे मुद्रण ठेवून ऐकले असता दोहोंची घडण एकच असल्याचे दिसते. कथेचा विस्तार, धरून ठेवलेला शब्दसमूह, चढत जाणारे उद्गार, सारे तेच.

कंपनीला हे मुद्रण कुकच्या प्रचलित प्रतिमेच्या मानाने फार ओबडधोबड वाटले. ते १९८५ पर्यंत प्रसिद्ध झाले नाही. श्राइनचे मुद्रण तर १९९० च्या दशकात बाहेर आले. उलट न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या उच्चभ्रू रात्रगृहात जुलै १९६४ मध्ये झालेला कार्यक्रम त्याच वर्षी बाजारात आला. १९५८ मध्ये याच ठिकाणी कुक अपयशी ठरला होता. आता त्याने श्वेतवर्णीय प्रेक्षकांना जिंकले आणि ते यश मुद्रित झाले. तेव्हा वीस वर्षे अभ्यासकांसमोर कुकचे जे चित्र होते, ते बऱ्याच अंशी कोपाकबानातील कुकचे होते. गुळगुळीत, सौम्य, सर्वांना मानवेल असा. ऐतिहासिक साधनांची निवड इतिहासकाराच्या आधी व्यापारी संस्था करून ठेवते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल.

७

दक्षिणेतील दौऱ्यांत कुकला वर्णभेदाशी सतत गाठ घालावी लागे. १९६१ मध्ये मेम्फिस येथे श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसविण्यात येणार असल्याचे समजताच त्याने कार्यक्रम करण्यास नकार दिला होता. १९६३ च्या जूनमध्ये त्याचा लहान मुलगा बुडून मरण पावला. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे एका वसतिगृहाने त्याला व त्याच्या सोबत्यांना खोल्या नाकारल्या. त्याने निषेध केल्यावर शांतताभंगाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. याच काळात बॉब डिलनचे 'ब्लोइंग इन द विंड' ऐकून, असे गीत एका श्वेतवर्णीय तरुणाने लिहावे आणि आपण लिहू नये, याची टोचणी त्याला लागल्याचे त्याच्या निकटवर्तीयांनी सांगितले आहे.

जानेवारी १९६४ मध्ये मुद्रित झालेल्या 'अ चेंज इज गॉना कम' या गीताच्या मागे ही पार्श्वभूमी आहे. रेने हॉल याने त्यासाठी तंतुवाद्ये, हॉर्न व नगारे यांची भव्य योजना केली. गीताचा वक्ता एकवचनी आहे. आपला जन्म नदीकाठी, एका तंबूत झाल्याचे तो सांगतो. हा कुकच्या चरित्रातील तपशील नव्हे. जुन्या स्पिरिच्युअल गीतांत 'मी' म्हणणारा जसा सर्वांच्या वतीने बोलतो, तसा हा 'मी' आहे. चित्रपटगृहाजवळ व नगराच्या मध्यवस्तीत आपणांस कसे हटकले जाते हे तो सांगतो. मदतीसाठी ज्या बांधवाकडे जावे त्यानेच कसे खाली पाडले हेही सांगतो. आणि एका ठिकाणी तो मरणाची भीती व आकाशापलीकडे काय आहे याविषयीची शंका बोलून दाखवितो. उपदेशकाच्या मुलाने, गॉस्पेलच्या संपूर्ण स्वरसंपत्तीनिशी, गॉस्पेलच्या मुख्य आश्वासनाविषयीच अनिश्चितता व्यक्त करावी, हे धाडस 'यू सेंड मी' च्या धाडसाहून पुष्कळ मोठे होते. परिवर्तनाची ग्वाही तो देतो ती या शंकेनंतर, आणि ती या जगातील परिवर्तनाची.

या गीतात संबोध्य जवळजवळ नाही. ते कोणाला आळवीत नाही. ते साक्ष देते. मंडळीत उभे राहून स्वतःच्या जीवनातील अनुभव सांगण्याची जी 'साक्ष' देण्याची रीत ख्रिस्ती उपासनेत आहे, तिचाच हा आकार होय. मात्र साक्षीला 'आमेन' म्हणणारा वृंद येथे योजलेला नाही. त्या जागी वाद्ये आहेत.

गीत प्रथम 'एन्ट दॅट गुड न्यूज' या संग्रहात मार्च १९६४ मध्ये आले. संग्रहाचे शीर्षक एका जुन्या भक्तिगीताचे, आणि त्याचा अर्थ गॉस्पेल या शब्दाच्या मूळ अर्थाशी जुळणारा. शीर्षकगीतात मात्र शुभवर्तमान आहे ते प्रेयसी परत येत असल्याचे. एकाच तबकडीवर ही दोन गीते यावीत यात कुकच्या सर्व कारकिर्दीतील ताण एकवटला आहे. ७ फेब्रुवारी रोजी त्याने हे गीत दूरचित्रवाणीवरील 'टुनाइट शो' मध्ये गायिले होते; त्यानंतर प्रत्यक्ष कार्यक्रमांत ते गाणे त्याने टाळले. ११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजलिसमधील एका पथिकगृहात तेथील व्यवस्थापिकेच्या गोळीने त्याचा मृत्यू झाला. मृत्युशोधक पंचांनी ती हत्या स्वसंरक्षणार्थ व समर्थनीय ठरविली. त्याच्या कुटुंबीयांचे व अनेक चाहत्यांचे समाधान त्याने झाले नाही. त्या वेळी कुकचे वय ३३ होते.

मृत्यूनंतर काही दिवसांनी, २२ डिसेंबरला, 'शेक' या नृत्यगीताच्या मागील बाजूवर हे गीत स्वतंत्र मुद्रिका म्हणून निघाले. त्यातून एक कडवे वगळलेले होते: चित्रपटगृहाजवळ हटकले जाण्याचे. सामान्य दुःखाची कडवी राहिली. ज्या कडव्यात भेदाचे स्थळ व प्रसंग सांगितला होता तेच गेले. नभोवाणीवर असंख्यांनी ऐकले ते हे संक्षिप्त रूप.

८

गीताला उत्तर मिळाले ते मुद्रिकेबाहेर. नागरी हक्कांच्या चळवळीतील लोकांनी ते आपले मानले आणि त्यास प्रार्थनागीतासारखे स्थान दिले. २००७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत त्याचा समावेश केला. २००८ च्या निवडणुकीतील विजयानंतर बराक ओबामा यांनी केलेल्या भाषणात त्याच्या शब्दांचा पडसाद स्पष्ट होता. २०१९ मध्ये श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी १९६३ मधील प्रसंगाबद्दल मरणोत्तर क्षमा मागितली.

दरम्यान एका शब्दाचाही प्रवास पूर्ण झाला होता. 'सोल' म्हणजे आत्मा. कुक ज्या संघात वाढला त्याच्या नावात त्याचा अर्थ निखळ धार्मिक होता: आत्म्यास हलवून सोडणारे. १९६९ मध्ये 'बिलबोर्ड' ने आपल्या कृष्णवर्णीय संगीताच्या तक्त्याला 'सोल' हेच नाव दिले. पारमार्थिक संज्ञा व्यापारी वर्गीकरणाची संज्ञा झाली. हा अर्थसंकोच मानावा की अर्थविस्तार, याविषयी मतभेद होऊ शकेल. पण तो शब्द चर्चमधून बाजारापर्यंत वाहून नेणाऱ्यांत कुक अग्रभागी होता, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

तेव्हा १९५७ ही कुकच्या कारकिर्दीतील विभाजनरेषा मानावयाची झाल्यास ती कोणत्या अर्थाने, हे स्पष्ट केले पाहिजे. भक्ती व प्रेम यांच्यामधून ती जात नाही. त्यांतील अंतर एका विशेषणाइतके अल्प असल्याचे 'लव्हेबल' ने दाखवून दिले. उत्तर देणारा समूह असलेले गाणे आणि नसलेले गाणे यांच्यामधून ती जाते. या कसोटीवर पाहता हार्लेम स्क्वेअर क्लबमधील प्रेमगीते श्राइनमधील भक्तिगीतांच्या पंक्तीस बसतात, आणि कोपाकबानातील कार्यक्रम वेगळा पडतो. कुकच्या गायनाचा अभ्यास आजवर बहुधा धार्मिक व लौकिक अशा दोन कप्प्यांत झाला आहे, कारण मुद्रिकाही तशाच दोन कप्प्यांत विकल्या गेल्या. १९५५ व १९६३ ची दोन मुद्रणे एकत्र ऐकण्यापासून त्याचा पुन्हा आरंभ केल्यास, ज्यांनी त्याला धर्मद्रोही म्हटले त्यांचाच आवाज त्याच्या लौकिक गाण्यात किती दूरवर टिकून राहिला, हे ध्यानात येईल.